गांडुळांचा डबा सुरू करायचाय – त्यांच्यासाठी झाडंही लावायची का?

चाफेकळी
नमस्कार मंडळी. बागकामाच्या धाग्यांवर मी एरवी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच प्रश्न घेऊन आले आहे.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घरात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी दहा-साडेदहापर्यंत. तुळस, कढीपत्ता, मोगरा, ओवा आणि एक हट्टी लिंबू एवढा संसार आहे. ओला कचरा वेगळा करून द्यावाच लागतो, तर तो घरीच जिरवून कुंड्यांना खत करावं असं मनात आहे. कुठली गांडुळं घेऊ, किती घेऊ, डबा कसला हवा? सासूबाईंची अट एकच: "ती डब्याबाहेर दिसली की मी गावाला चालले."

मुख्य प्रश्न पुढे आहे. परदेशात काही जण गांडुळांना घालायला म्हणून मुद्दाम झाडं लावतात असं वाचलं, कॉम्फ्री नावाची पालेदार वनस्पती वगैरे. आपल्याकडे असं कोणी करतं का? दोन-तीन कुंड्या त्यासाठी द्यायची माझी तयारी आहे. काय लावू?

गच्चीकर
स्वागत, चाफेकळी. झाडांचं नंतर बघू, आधी डबा.

पावसात अंगणात दिसतात ती गांडुळं उचलून आणू नका. ती मातीत बिळं करून राहणारी, डब्यात टिकत नाहीत. आपल्याला हवी ती शेणात, कुजणाऱ्या पाल्यात वरच्या वर राहणारी. आपल्याकडे तीन मिळतात. आयसेनिया फेटिडा: लालसर तपकिरी, अंगावर फिकट पट्टे. युड्रिलस युजिनी, म्हणजे विकणारे ज्याला 'आफ्रिकन' म्हणतात ते: लांब, जाड, जांभळट झाक. आणि पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस: आपल्याच मुलखातलं, बारीक आणि भलतं चपळ. आफ्रिकन खातं भरपूर, पण त्याला भटकायची सवय. पेरिओनिक्स तर मुसळधार पावसाच्या रात्री अख्खं बिऱ्हाड घेऊन भिंत चढतं. सासूबाई गावाला जायला नको असतील तर आयसेनिया. विकणाऱ्याकडे बहुतेक वेळा सगळी मिसळलेली असतात, तेव्हा मूठभर हातावर घेऊन बघूनच घ्या. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठात कल्चर, म्हणजे सुरुवातीची गांडुळं, खात्रीचं मिळतं.

किती? चांगला मुरलेल्या डब्यात गांडूळ रोज साधारण आपल्या वजनाच्या निम्मं खातं. तुमच्या चौघांची सालं-देठं अर्धा-पाऊण किलो धरली तर हिशेबाने एक ते दीड किलो गांडुळं लागतील. पण एकदम एवढी आणू नका. पाव ते अर्ध्या किलोने सुरुवात करा, सगळं ठीक असेल तर दोन-तीन महिन्यांत ती दुप्पट होतात. तोवर उरलेला कचरा गाडीत जाऊ दे. पहिल्या आठवड्यात सगळा कचरा आत लोटणं हे डबे बंद पडण्याचं एक नंबरचं कारण आहे.

बादली नको, पसरट टब घ्या. ही मंडळी वरच्या वीतभर थरातच वावरतात. फूटभरापेक्षा जास्त भरलं की तळ दडपतो, हवा पोचत नाही आणि वास तिथून सुरू होतो. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते कातडीने श्वास घेतं. म्हणून कातडी ओली हवी, पण पाण्यात बुडता कामा नये. टबाला तळाशी आणि कडेला भोकं, खाली विटा, विटांखाली परात. वर झाकण म्हणून ओलं गोणपाट.

आत अंथरायला फाडलेले पुठ्ठे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, सुका पाला आणि जुनं शेण. कल्याण-डोंबिवलीकडे तबेले आहेत, शेण मिळेल, पण ताजं घालू नका. ते तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. सावलीत मोकळं पसरून पंधरा दिवस ठेवा. मुठीत दाबल्यावर एखाददुसरा थेंब गळावा, एवढाच ओलावा. गांडुळं सोडल्यावर पहिल्या काही रात्री बाल्कनीतला दिवा चालू राहू द्या. नव्या जागेतून पळायची त्यांची इच्छा असते, पण उजेडात बाहेर येत नाहीत.

खडूस
माणसांना टोमॅटो परवडेना आणि इथे गांडुळांसाठी स्वतंत्र शेती. श्रावणात त्यांना उपासाचं वेगळं लागतं का तेही सांगून टाका.

गच्चीकर
खडूस, साबुदाण्याची खिचडी अजिबात नको. तेल, मीठ, मिरची, तिन्ही वर्ज्य. उपासाचं म्हणाल तर रताळ्याची सालं चालतील.

मुळशीकर
चाफेकळीताई, तुमच्या मुख्य प्रश्नाबद्दल. माझी पौडच्या पुढे थोडी जमीन आहे, तिथे गांडूळखताच्या टाक्या आहेत आणि पुण्यातल्या घरी एक टब. दोन्हीकडचं रोज बघतो, त्यावरून एक ठाम मत झालंय: शहरातल्या घरात गांडुळांना खाण्याची वानवा कधीच नसते, अंथरुणाची असते. कुंड्या द्यायच्याच असतील तर अंथरूण पिकवा.

आपलं स्वयंपाकघर बघा. मेथीची देठं, कोथिंबिरीच्या काड्या, दुधीची सालं, केळ्याची सालं, कलिंगडाच्या फोडी. सगळं ओलं आणि नत्राकडे (नायट्रोजनकडे) झुकलेलं. कुजण्याची क्रिया नीट चालायला कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचं प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास हवं. भाजीचा कचरा १५-२० ला १ असतो. वाळलेली पानं ४० पासून ८० पर्यंत जातात, कागद-पुठ्ठा तर शेकड्यात. म्हणजे आपल्या डब्यात कायम कमी पडतो तो सुका, कर्बाचा भाग. तो कमी पडला की पाणी साचतं, आंबूस वास येतो, चिलटं येतात, आणि मग लोक म्हणतात की गांडुळं आपल्याकडे जगत नाहीत.

इंग्लंड-अमेरिकेत कॉम्फ्री लावतात त्याचं कारण वेगळं. तिथे घराला परसबाग, हिरव्या भाज्यांचा कचरा त्या मानाने कमी. आपण ती कल्पना जशीच्या तशी उचलायची गरज नाही.

आता काय लावायचं. जागा असती तर मी डोळे झाकून केळ सांगितली असती. घड उतरवला की खुंट तोडायचाच असतो. त्याच्या बोटभर जाडीच्या चकत्या करा आणि कापलेली बाजू खाली ठेवून टबात पसरा. केळीच्या खुंटात आत पोकळ्यांची जाळी असते, ओलाव्याने भरलेली. दोन-तीन दिवसांनी चकती उचलून बघा, एकेका पोकळीत दोन-दोन गांडुळं वेटोळं करून बसलेली दिसतील. वाळलेलं केळीचं पान फाडून घातलं की अंथरूण, ओला खुंट म्हणजे जेवण. एकाच झाडात दोन्ही.

बाल्कनीत केळ झेपणार नाही. तिथे बाजरी लावा. धान्याच्या डब्यातली किडलेली बाजरी असतेच घरात. खोक्यात किंवा पसरट कुंडीत दाट फेका, बोटाच्या पेरभर माती. तुमच्याकडे ऊन कमी आहे, लांबट आणि लुळी वाढेल, पण आपल्याला कणसं कुठे हवीत? गुडघ्याएवढी झाली की खालून दोन-तीन बोटं ठेवून कापा. पुन्हा फुटते. कापलेली दोन दिवस वाळवून कात्रीने तुकडे केले की झालं अंथरूण. ज्वारीही चालेल, पण कोवळी ज्वारी गुरांना बाधते हे शेतावर सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे माझा कल बाजरीकडे.

दुसरी कुंडी रताळ्याची. कोंब फुटलेलं रताळं आडवं पुरलं की कठड्यावरून वेल सोडतं. ही हिरव्या खाण्याची बेगमी. गावाला जाऊन आलात आणि घरात सालंच नाहीत, अशा वेळी वेलाचा एक झुपका कापून घालायचा.

हिशोबनीस
मुळशीकर, अंथरुणाचा मुद्दा मान्य. पण 'गांडुळांसाठी शेती' या कल्पनेवर थोडं पाणी ओततो.

डब्यातलं खत कुंडीत, कुंडीतला पाला पुन्हा डब्यात. या फेऱ्यात नवीन काय आलं? पालाश (पोटॅशियम), स्फुरद (फॉस्फरस) सगळं तेच फिरतंय, उलट प्रत्येक फेरीत पाण्याबरोबर थोडं वाहून जातंय. बाहेरून भर पडते ती बाजारातून आलेल्या भाजीमुळे. कुंडी स्वतःहून दोनच गोष्टी आणू शकते: हवेतला कर्ब, आणि झाड शेंगवर्गीय असेल तर हवेतला नत्र. म्हणजे लावायचंच तर चवळी लावा. शेंगा आपल्याला, वेल गांडुळांना. बाजरी काय आणणार?

अझोलाचा हिशेबही करून बघितला, कारण प्रत्येक चर्चेत कोणीतरी अझोला काढतंच. पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं, त्याच्या पानात ॲनाबिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ राहतं आणि ते हवेतला नत्र धरतं. अनुकूल हवेत आठवड्याच्या आत दुप्पट होतं हे खरं. पण ओल्या अझोलात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. एक किलो काढलं तर सुकं साठ-सत्तर ग्रॅम, त्यात नत्र चार-पाच टक्के धरला तर जेमतेम तीन ग्रॅम. त्यासाठी बाल्कनीत पाण्याचा टब, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या पालिकेच्या माणसाला समजावणं.

मुळशीकर
बाजरी हवेतला कर्ब आणते, आणि मला तोच हवाय! तुम्ही नत्र कुठून येईल ते मोजताय, तर ताईंच्या डब्यात नत्र आधीच उतू चाललाय.

शेंगवर्गीय झाडांचा मान शेतावर. माझ्या बांधाला गिरिपुष्प आहे. पावसाळ्याच्या तोंडावर फांद्या खोचल्या की रुजतात, वर्षातून तीन-चारदा छाटल्या तरी पुन्हा फुटतात. पाला नत्राने भरलेला. उंदीरमारी म्हणतात त्याला, बिया-साल उंदरांना विषारी. ओला पाला जाड थरात टाकला तर चक्क तापतो, म्हणून आधी सुकत घालून, शेणात आणि पाचटात मिसळून टाकीत जातो. तिथे पाचट, पेंढा, काड्याकुड्या भरपूर असतात, नत्राची उणीव असते. शहरात नेमकं उलट. झाड निवडायचं ते आपल्याकडे काय कमी आहे ते बघून.

अझोलाबद्दल सहमत. कोंबड्या-गाई असतील त्याने करावं.

हिशोबनीस
हे पटलं. चवळी मी तरीही लावीन, पण शेंगांसाठी.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, तुमचं सगळं ठीक आहे, पण आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो. आयसेनिया पस्तिशीच्या वर टिकत नाही. प्लास्टिकचा टब इथं भट्टी होते.

आमच्याकडं मातीची नांद वापरा. बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि ते दिवसातून दोनदा ओलं करायचं. माती पाझरते, आतला थर हवेपेक्षा बराच थंड राहतो. हवेचं तापमान बघत बसू नका, हात आत घालून बघा. दुसरं म्हणजे एप्रिल-मेत खाणं निम्म्यावर आणा. कुजताना खाणंच उष्णता सोडते आणि बाहेरून ऊन, दोन्हीकडून बिचारी सापडतात. टरबुजाच्या साली मात्र उन्हाळ्यात चालतात, थंड आणि पाणीदार. उलट्या ठेवल्या की सकाळी खाली जत्रा.

अंथरुणाला आमच्याकडं सोयाबीनचं न् तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. फुकटात मिळते. झाड लावायची गरजच नाही.

चाफेकळी
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. किडलेली बाजरी आहेच घरात, ते पक्कं. रताळंही.

आता घरगुती शंका. चहाचा चोथा घालायचा का? सासूबाई रोज पूजा करतात, ते निर्माल्य? लिंबाच्या फोडी? कांद्याची सालं? अंड्याची टरफलं?

गच्चीकर
चहा: आपला चोथा दूध-साखरेत उकळलेला असतो. पाण्यातून खळबळून, पिळून घाला. नाहीतर मुंग्यांना आमंत्रण.

निर्माल्य: उत्तम. झेंडू, शेवंती, जास्वंद, दुर्वा, बेल, सगळं चालतं. आधी दोरा काढा, कापूर-उदबत्तीचे तुकडे वेचा, हळदीकुंकू झटका. फुलं देठापासून मोडून पाकळ्या मोकळ्या केल्या तर लवकर जिरतात, अख्खा झेंडू मधोमध गोळा होऊन बसतो. गणपतीत एकदम पाटीभर निघतं, तेव्हा सगळं डब्यात न टाकता उरलेलं वर्तमानपत्रावर वाळवा. वाळलेलं पुढे महिनाभर अंथरुणात मिसळता येतं.

लिंबू, संत्रं, मोसंबी: एखादी फोड चालते, ढीग नाही. आंबटपणाही आणि सालीतलं तेलही त्यांना मानवत नाही. कांद्याची कोरडी सालं कुंडीत घाला, डब्यात नको. अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरला अगदी पीठ करा. गांडुळाला दात नसतात, खाल्लेलं ते पेषणीत कणांनी दळतं. त्या कणांची सोय होते आणि आंबटपणाही मारला जातो. शिजलेला भात-पोळी, डाळ, पनीर नको. प्रथिनं जास्त झाली की आत आंबतात आणि गांडुळं मण्यांच्या माळेसारखी ठिकठिकाणी फुगून मरतात.

आणि उघडं टाकू नका. एका कोपऱ्यात खळगा, त्यात खाणं, वर चार बोटं सुकं. पुढच्या वेळी शेजारचा कोपरा.

जर्सीतली_जाई
न्यू जर्सीतून. इथे कॉम्फ्री मी लावलेली आहे म्हणून लिहिते. बॉकिंग १४ ही जात, जिला बी धरत नाही. मुळाच्या तुकड्यापासून लावायची. वर्षातून तीन-चारदा कापता येते, पानं मऊसूत, पटकन कुजणारी, पालाश भरपूर. पण एकदा लावली की त्या जागेतून ती हलत नाही. खणताना मुळाचा तुकडा राहिला तरी नवं झाड. चाफेकळी, मुळशीकरांचं बरोबर आहे, तुला त्याची काहीच गरज नाही.

माझा डबा तळघरात असतो. जानेवारीत बाहेर बर्फ, तळघरात थंडी पण गोठण्याइतकी नाही, गांडुळं सुस्तावतात, मरत नाहीत. आमच्याकडचा खरा सुगीचा काळ नोव्हेंबर. हॅलोविन संपलं की गल्लीभर दारात भोपळे. मागितले की लोक आनंदाने देतात. रंग-मेण लावलेले सोडून बाकीचे कापून फ्रीझरला. गोठून सुटलेला भोपळा लगदा होतो आणि गांडुळं त्यावर तुटून पडतात.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक महत्त्वाचं. इथे आशियातून आलेल्या उड्या मारणाऱ्या गांडुळांनी, ॲमिन्थस, जंगलातला पाल्याचा थर खाऊन मोठा त्रास करून ठेवलाय. त्यामुळे अनोळखी गांडुळं विकत घेऊ नका आणि डब्यातली बाहेर सोडू नका.

खडूस
डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं होतं हे कोणी सांगितलं नाही अजून. कुंड्यांत पाळून त्यांना वेगवेगळी पानं घालून बघायचा. गाजराचा पाला सगळ्यात जास्त आवडतो असं त्याला आढळलं. पियानो वाजवूनही बघितला, ती बहिरी निघाली.

(हो, मी पण वाचतो.)

मुळशीकर
खडूस, हे कामाचं सांगितलंत. त्याची गांडुळं इंग्लंडच्या मातीतली, वेगळी, पण हिवाळ्यात लाल गाजरं पाल्यासकट येतात तो पाला आपल्याकडेही लगेच फस्त होतो. मुळ्याचाही. अर्थात मुळ्याच्या पाल्याची भाजी होते, तो गांडुळांना घालणं मला जिवावर येतं.

रानवाट
दापोलीहून. आमच्याकडे अंथरुणाला नारळाचं सोडण. कुटून भुशी केली की पाणी छान धरून ठेवते. पण आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, क्षार असतात. माडाच्या झावळ्यांची पाती लवकर कुजत नाहीत, ती वर झाकायला.

पावसाळ्यात टाकळा माजतो चहूकडे, तो शेंगवर्गीयच. फुलावर यायच्या आत कापला तर कोवळा पाला फुकट. फूल-शेंग धरल्यावर नको. गांडूळखत ढिगासारखं तापत नाही, त्यामुळे त्यात बी मरत नाही. टोमॅटो, मिरची, पपई उगवते तोवर मजा वाटते, टाकळा उगवला की नाही. गाजरगवताला हाच नियम, आणि ते कापताना हातमोजे.

मुंग्यांसाठी विटांच्या खाली पाण्याने भरलेल्या ताटल्या. पाण्यावर थेंबभर खोबरेल टाकलं की डास होत नाहीत.

पेठेतला
वाखुसा (वाचनखूण साठवली).

पुण्यात सोसायटीत गांडूळखताचा प्रकल्प चालू असेल तर मनपाच्या मालमत्ता करात पाच टक्के सवलत मिळते, जोडीला सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल साठवण असेल तर दहा. बऱ्याच नव्या इमारतींत यासाठी खड्डे बांधलेले असतात आणि त्यात वॉचमनची सायकल असते. वाळका पाला ज्यांना नको आहे आणि ज्यांना हवा आहे, त्यांची गाठ घालणारा 'ब्राउन लीफ' हा उपक्रमही पुण्यातच सुरू झाला. मुळशीकरांचं अंथरूण तिथे पोत्याने मिळेल. डोंबिवलीत सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींना सांगून ठेवा, पाला जाळण्यापेक्षा एक पोतं बाजूला ठेवतील. आंब्या-फणसाची जाड पानं वेगळी काढा, ती लई दिवस तशीच राहतात.

चाफेकळी
बऱ्याच दिवसांनी परत आले आहे. डबा सुरू झाला! पसरट टब, पुठ्ठा, तबेल्यातलं मुरवलेलं शेण, आणि पोतंभर पाला (पेठेतला यांना धन्यवाद, मावशींनी दुसऱ्याच दिवशी आणून दिला). बाजरी एकदा कापून झाली, दुसरा फुटवा आलाय. तिच्या तुकड्यांनी खरंच ओल आवरली. रताळ्याचा वेल शेजारच्या काकूंच्या बाल्कनीत शिरलाय आणि त्यांना आवडलाय.

दोन प्रश्न. काल खाणं घालताना ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळसर गोळे दिसले, एका टोकाला लिंबासारखं निमुळतं. माशीची अंडी तर नाहीत ना? आणि काही पांढुरक्या, चपट्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसतात, त्या गांडुळांची पिल्लं का?

गच्चीकर
पिवळे गोळे म्हणजे अभिनंदन. ते गांडुळांचे कोष. पूर्ण वाढलेल्या गांडुळाच्या अंगावर पुढच्या बाजूला जाडसर पट्टा दिसतो ना, त्यातून तयार होतात. सुरुवातीला पिवळे, पिल्लं बाहेर यायची वेळ झाली की तांबूस. तीन-एक आठवडे धरा. एकातून दोन-चार धाग्याएवढी, जवळजवळ पारदर्शक पिल्लं निघतात, ती दीड-दोन महिन्यांत वयात येतात. उजेडात धरलंत तर कोषात हालचालही दिसेल. लेकीला दाखवा.

चपट्या, खरबरीत, एका टोकाला निमुळत्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. माणसाला, गांडुळाला काही करत नाहीत, पण खादाड. त्या वाढल्या म्हणजे ओलं खाणं जास्त आणि उघडं पडतंय. आठवडाभर खाणं बंद, वर जाड सुकं. फळांची सालं आधी एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवून घाला, चिलटांची अंडीही तिथेच मरतात.

वऱ्हाडी_ठेचा
सासूबाई गावाला गेल्या का?

चाफेकळी
नाही हो! निर्माल्य आता त्याच निवडतात. मला हात लावू देत नाहीत, म्हणे मी दोरे ठेवते.

परातीत थोडं काळपट पाणी गळतं, ते व्हर्मिवॉश म्हणून झाडांना घालू का?

मुळशीकर
ते व्हर्मिवॉश नव्हे, नुसता निचरा. अर्धवट कुजलेल्याचा अर्क असतो त्यात. व्हर्मिवॉश म्हणजे गांडुळं असलेल्या तयार थरातून स्वच्छ पाणी हळूहळू झिरपवून गोळा केलेलं. निचरा दहापट पाणी घालून मोगऱ्याच्या मातीत ओतला तर चालेल, पानांवर फवारू नका आणि खायच्या पालेभाजीला घालू नका. घाण वास येत असेल तर मोरीत. आणि सारखा गळत असेल तर बाजरी वाढवा.

चाफेकळी
समजलं. खत कसं काढायचं तेवढं सांगा, आणि लिंबाला किती?

मुळशीकर
महिनाभर खाणं टबाच्या एकाच बाजूला घाला, दुसरी बाजू तशीच सोडा आणि तिथलं पाणी थांबवा. गांडुळं हळूहळू खाण्याकडे सरकतात. मग सोडलेल्या बाजूचं वरून थोडं थोडं काढत जा, चाळा, चाळणीत राहिलेले कोष आणि काड्या परत टबात. तयार खत चहापत्तीसारखं मोकळं असतं आणि पावसाच्या मातीचा वास येतो. लिंबाला दोन मुठी, मुळांपाशी माती हलवून, दीड-दोन महिन्यांनी एकदा. कुंडी निव्वळ गांडूळखताने भरू नका, पाव हिस्सा पुरे.

फुलवा
मी डोंबिवली पूर्वेलाच. हा धागा वाचून सुरू करायचं ठरवलंय, पण कल्चर किलोवारीच मिळतंय, मला एवढं नको. चाफेकळी, तुमच्याकडची वाढली की थोडी देता का?

चाफेकळी
नक्की, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पिल्लं मोठी झाली की देईन, दोन महिने तरी थांबावं लागेल. तोवर पुठ्ठे जमवा, शेण आणून मुरत ठेवा आणि घरात किडकी बाजरी असेल तर आजच टाका. येताना श्रीखंडाचा मोठा डबा आणा, झाकणाला भोकं पाडून. सकाळी लवकर या, उन्हाची त्यांना लोकल नको.